चुलीपाशी ठेवलेली मूठ



आज खत, बियाणे, फवारणी यांतले काही सांगणार नाही. आज तुमच्या चुलीपाशी बसून बोलायचे आहे.

आपल्या देशाच्या ईशान्य टोकाला मिझोराम आहे. सगळा डोंगराळ मुलूख. उतारावरचे रान तोडायचे, वाळले की जाळायचे आणि पाऊस आला की भात टोकायचा, अशी तिथली जुनी झूम शेती. आपल्या कोकणातल्या कुमरीची ती बहीणच म्हणा. 1894 साली तिथे ख्रिस्ती मिशनरी पोहोचले. आज तिथल्या 100 माणसांत 87 ख्रिस्ती आहेत.

या मंडळींनी 1910 साली एक रीत सुरू केली. तिला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. स्वयंपाकाला तांदूळ घेतले की बाई त्यातली एक मूठ आधी वेगळ्या भांड्यात टाकते, मग भात शिजवते. आठवड्याला चर्चमधल्या बायका घरोघरचे हे तांदूळ गोळा करतात. ते विकून आलेल्या पैशातून प्रचारकांचा खर्च आणि चर्चची इतर कामे चालतात. आज ही रक्कम वर्षाला कोटींच्या घरात जाते.

विचार करा. हातात रोख पैसा नाही म्हणून कोणी मागे राहिले नाही. ज्या घरी भात शिजतो, त्या घरी द्यायलाही काही असते, एवढाच त्यामागचा हिशेब. आणि उरलेसुरले द्यायचे नाही, जेवणाच्या आधी काढायचे. हे देणे बाईच्या हातचे, त्यासाठी नवऱ्याच्या खिशाकडे बघावे लागत नाही.

सुबत्ता होती म्हणून हे जमले असेही नाही. तिकडे बांबूची एक जात सुमारे 48 वर्षांनी फुलते. तिची फळे खाऊन उंदरांची पैदास वाढते आणि फळे संपली की ते भातावर तुटून पडतात. याला तिथे ‘माउताम’ म्हणतात. मूठ सुरू झाली आणि लगेच 1911-12 साली माउतामचा दुष्काळ पडला. पुढे 1958-59 साली पडला. 2007 च्या सुमारास पुन्हा बांबू फुलला. मुठीची रीत मात्र टिकली.

मी घरी काट्यावर मूठ मोजली. 50 ग्रॅमच्या आसपास भरली. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या तर वर्षाला 36 किलो होतात. 100 घरांच्या गावात 36 क्विंटल!

आपल्याला हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना बायाबापड्यांनी अशीच मूठमूठ दिली होती. मग आता का जमत नाही? सांगतो. 1996 साली एका गावात मीच बायकांना हे करायला लावले. बालवाडीसाठी मूठ काढायची असे ठरले. आठ महिने सगळे झकास चालले. धान्य मात्र गावातल्या एका वजनदार माणसाच्या कोठीत पडत होते. एका बाईने सभेत विचारले, "भाऊ, किती झालं?" उत्तर आले, "पळून जाणार आहे का मी?" पुढच्या आठवड्यात निम्मे डबे रिकामे आले, महिन्याभरात सगळेच बंद पडले. बायकांचा दोष नव्हता. देणाऱ्या त्या आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही घडी मीच चुकीची बसवली होती. साहेब म्हणून मिरवत होतो, वहीची आठवण झाली नाही.

तुमच्या गावात कोणी सुरू करणार असेल तर मोजणाऱ्या बायका, वही बायकांची आणि दर आठवड्याला आकडा सगळ्यांसमोर वाचायचा. धान्य कशासाठी आहे ते आधी ठरवा, देऊळ असो, मशीद असो, चर्च असो की शाळा. आणि हो, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकायला विसरू नका. पावसाळ्यात सोंडे फार लवकर होतात.