सापडलं, पण कशासाठी?

वर्तमानपत्रांच्या बालपुरवणीत ‘चित्रात लपलेल्या वस्तू शोधा’ असं कोडं असतं. त्याला गोष्टीची जोड देऊन कॉम्प्युटरवर आणलेला प्रकार म्हणजे हिडन ऑब्जेक्ट गेम. सिएटलच्या बिग फिश गेम्स कंपनीच्या ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सविल’ने २००५मध्ये तो लोकप्रिय केला. पडद्यावर अडगळीनं गच्च भरलेली जागा, बाजूला वस्तूंची यादी आणि हातात माउस, एवढाच मामला. बोटांची चपळाई नको की बटणांची पाठांतरं नकोत. अडलं तर ‘हिंट’चं बटण आहेच, फक्त ते पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. व्हिडिओ गेमच्या वाटेला एरवी न जाणाऱ्यांनाही तो आपला वाटतो, तो या सोपेपणामुळे. पण नुसतं शोधणं लवकर शिळं होतं. सापडलेल्या वस्तूचा गोष्टीला काही उपयोग आहे का, यावरच या गेमची खरी परीक्षा होते.

याच मालिकेतला २००६चा ‘रेव्हनहर्स्ट’ घ्या. एमा रेव्हनहर्स्ट ही अमेरिकेहून इंग्लंडला आलेली शिक्षिका. चार्ल्स डॅलिमारची लग्नाची मागणी ती नाकारते आणि तिच्यावर भयंकर प्रसंग ओढवतो. रेव्हनहर्स्ट नावाच्या वाड्यात शोधाशोध करत गेलं की तिची डायरी उलगडत जाते, त्यामुळे पुढे काय झालं याची ओढ लागते. पण शोधलेल्या वस्तूंचा एमाशी संबंध बेताचाच. २००८च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’नं त्यात भर घातली. खोल्याखोल्यांतून हिंडायचं, मिळालेल्या वस्तू जवळ बाळगायच्या, योग्य जागी वापरायच्या. पुढे याचाच साचा झाला. यादीतल्या बारा वस्तू शोधायच्या, त्यातली एक पिशवीत जाते आणि उरलेल्या अकरा हवेत विरतात. त्यातही पिशवीत चाकू असताना दोरी कापायला कात्रीच हवी असा हट्ट गेमनं धरला, की खेळणारा गुन्ह्याचा विचार सोडून गेम बनवणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखत बसतो. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीचा ‘एनिग्मॅटिस: द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक’ (२०११) इथे उजवा ठरतो. त्यात गावात सापडलेले पुरावे फळ्यावर लावून त्यांचे धागे जुळवावे लागतात. निदान तेवढ्यापुरती तरी डोळ्यांनी टिपलेली गोष्ट डोक्याच्या कामी येते.

दिवसभराच्या कामानंतर विरंगुळा म्हणून खेळायचं, त्यात तर्क कशाला शोधायचा, असं कुणी म्हणेल. विरंगुळ्याला हरकत नाहीच. पण विरंगुळा हवा म्हणून गोष्ट ढिसाळ का असावी? शोध सोपा ठेवूनही त्याला कारण देता येतं. रहस्यकथाही आपण विरंगुळ्यासाठीच वाचतो, तरी तिच्यातला फुकटचा पुरावा खपवून घेत नाही. दुसरा आक्षेप असा, की हिंट आणि कोडं टाळण्याची सोय असलेला गेम हा गेमच नव्हे. हे मात्र पटत नाही. त्या सोयींमुळे गोष्ट मध्येच सुटत नाही, आणि ज्याला झगडायचं आहे त्याला त्या वापरण्याची सक्तीही नाही.

दोषांचं मूळ अनेकदा विक्रीच्या पद्धतीत असतं. बिग फिशवर तासभर गेम फुकट खेळून मग विकत घ्यायचा, असा रिवाज होता. साहजिकच सुरुवात झोकदार करण्याकडे कल राहतो. मोबाइलवर तर गणितच वेगळं. बर्लिनच्या वूगा कंपनीचा ‘जून्स जर्नी’ (२०१७) फुकट मिळतो, पण त्यात प्रत्येक शोधाला ‘एनर्जी’ खर्च होते आणि पुढे सरकायला तीच दृश्यं पुन्हापुन्हा खेळावी लागतात. वस्तू कुठे दडल्यात हे पाठ झाल्यावर शोध कसला, ती नुसती उजळणी! म्हणून असा गेम पारखताना चित्रं किती देखणी आहेत एवढंच पाहू नये. दोन-चार दृश्यं खेळून झाल्यावर यादीतल्या किती वस्तू पुढे वापराव्या लागल्या ते मोजावं. त्या मोजक्याच निघाल्या, तर उरलेला वेळ गोष्टीनं नव्हे, यादीनं खाल्ला असं समजावं.