गोधडीचा गोल कोपरा आणि उरेब पट्टी

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील खेड्यांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जातात. गोधडी आधी झिजते ती कडेला. नवी पट्टी लावताना सरळ बाजू सहज जमते. गोल कोपऱ्यावर मात्र चुण्या पडतात. असे का?

कोपरा म्हणजे १० सें.मी. त्रिज्येच्या वर्तुळाचा चौथा भाग समजू. त्याची कड १५.७ सें.मी. भरते. पट्टी १.५ सें.मी. आत दुमडली, की तिच्या आतल्या काठाची त्रिज्या ८.५ सें.मी. होते आणि त्याला १३.४ सें.मी. एवढीच जागा मिळते. उरलेल्या कापडाच्या चुण्या होतात.

एक सुती रुमाल घ्या. काठाला समांतर ओढा. तो फारसा ताणत नाही, कारण ओढ थेट धाग्यांवर येते. आता समोरासमोरची टोके धरून तिरका ओढा. उभ्या-आडव्या धाग्यांमधले चौकोन तिरपे होतात; रुमाल लांबतो आणि अरुंद होतो. म्हणूनच ४५ अंशांत कापलेली उरेब पट्टी बाहेर ताणून, आत दाटून वळणावर सपाट बसते.

जुन्या गोधडीची काळजी वेगळी. ऊन व हवेतील ऑक्सिजन यांमुळे सुतातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटतात. धागा कमकुवत होतो. पट्टी ओढून शिवली, तर तिचा ताण या धाग्यांवर येऊन कड टाक्यांपाशी फाटते. कोरे कापडही पहिल्या धुण्यात आटून तोच ताण देते. म्हणून पट्टी धुतलेल्या, मऊ सुती कापडाची घ्यावी, कोपऱ्यावर सैल ठेवावी आणि जुनी कड न कापता तिच्यावरूनच शिवावी.