भूल उतरण्यापूर्वीचा निर्णय

स्तनाच्या कर्करोगाने पीडित झालेल्या स्त्रियांसाठी स्त्रियांनीच जी चळवळ उभारली, तिचा इतिहास सांगावयास बसलेले अलीकडचे बहुतेक लेखक गुलाबी फितीपासून आरंभ करतात, आणि तेथेच माझा त्यांच्याशी पहिला मतभेद होतो. ती फीत १९९२ सालची. न्यूयॉर्कमधील एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या चालकांपैकी एव्हलिन लॉडर यांनी एका मासिकाच्या सहकार्याने ती प्रचारात आणली. आणि त्याच्याही आधी कॅलिफोर्नियातील शार्लट हेली ही प्रौढ गृहिणी पीच रंगाच्या फिती घरी हाताने तयार करून, कर्करोगाच्या प्रतिबंधावर सरकारी तिजोरीतून किती अल्प रक्कम खर्च होते हे सांगणाऱ्या चिठ्ठीसह वाटत होती. व्यापारी मंडळींनी तिला भागीदारीचे आमंत्रण दिले तेव्हा तिने ते नाकारले, म्हणून रंग बदलण्यात आला. इतका इतिहास फितीविषयी पुरेसा आहे. चळवळीचा खरा उगम मात्र शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी, भूल देण्यापूर्वी पुढे केल्या जाणाऱ्या एका कागदावर आहे, असे माझे फार जुने मत आहे, आणि ते बदलावे असे काही या चाळीस वर्षांत माझ्या वाचनात आलेले नाही.

त्या कागदाचे स्वरूप तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला तेव्हापासून पुढे पाऊणशे वर्षे, स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसंध कापून काढणे हाच राजमार्ग मानला गेला. त्यासोबत आणखी एक रिवाज रूढ झाला. गाठ घेऊन आलेल्या स्त्रीला भूल द्यावयाची, गाठीचा तुकडा तत्काळ तपासणीस पाठवावयाचा, आणि रोगाचा दाखला येताच, ती भुलीत असतानाच, संपूर्ण स्तन काढून टाकावयाचा. त्या कागदावर सही करणारी स्त्री एक प्रकारे आपल्या देहाचे मुखत्यारपत्रच लिहून देत असे. शुद्धीवर आल्यावर छातीवरील पट्टीचा आकार हाताने चाचपून तिला कळावयाचे की आपणांस कर्करोग होता की नव्हता. शस्त्रवैद्य क्रूर होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. दोन वेळा भूल देण्यात आणि मध्यंतरी दिवस घालविण्यात रोग फैलावेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु त्या समजुतीची रुजवात कोणी घातली नव्हती, आणि जिच्या देहावर तिचा अंमल चालत होता तिला विचारण्याची प्रथा नव्हती.

या मौनाला पहिला तडा टेरेस लॅसर यांनी दिला. न्यूयॉर्कच्या या गृहिणीवर १९५२ साली हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हा वर कसा उचलावा, पोलक्याच्या आत काय घालावे, नवऱ्यासमोर कसे उभे राहावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिला कोणी दिले नाही. तेव्हा ती उत्तरे स्वतः शोधून ती नव्या रुग्णांच्या खाटांशी जाऊन बसू लागली. तिच्या पिशवीत दोरीला बांधलेला रबरी चेंडू असे, व्यायामासाठी दोरी असे आणि आंतरवस्त्रात तात्पुरते घालावयाचे मऊ भरण असे. भिंतीशी उभे राहून बोटे एकेक करीत वर चढवावयाची आणि काल जेथवर पोहोचली त्याच्या किंचित वर आज न्यावयाची, असे व्यायाम तिच्यामुळे घरोघर पोहोचले. शस्त्रवैद्यांची खप्पामर्जी ओढवूनही ‘रीच टू रिकव्हरी’ ही तिची संस्था वाढली आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ती आपल्या छत्राखाली घेतली. या आश्रयाचे मोल मात्र द्यावे लागले: डॉक्टरांच्या परवानगीवाचून रुग्णास भेटावयाचे नाही आणि कोणती शस्त्रक्रिया योग्य याविषयी अवाक्षर काढावयाचे नाही. सोबत मिळाली, प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली नाही.

ती मुभा ओढून घेणारी स्त्री म्हणजे रोझ कुशनर, आणि या लेखात तिला इतरांहून अधिक जागा दिली तर वाचकांनी मला क्षमा करावी, कारण तिचे ऋण मराठीत कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. व्हिएतनामच्या युद्धातून वार्तापत्रे लिहिलेली ही पत्रकार वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये राहत असे. १९७४ साली स्वतःच्या स्तनात गाठ लागली तेव्हा तिने पत्रकाराच्या सवयीने प्रथम ग्रंथालय गाठले. बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय तिच्या घरापासून फार दूर नव्हते. युरोपात गाठीची तपासणी आणि शस्त्रक्रिया यांत अंतर ठेवतात आणि सर्वत्र हॉल्स्टेडचाच मार्ग चोखाळला जात नाही, हे तिला तेथील दप्तरांतून कळले. मग तिने अट घातली: आधी केवळ गाठीची तपासणी करा, पुढचे मी शुद्धीत असताना ठरवीन. ही अट ऐकून एकामागून एक शस्त्रवैद्यांनी तिला नकार दिला. अखेर तपासणी झाली, रोग निघाला, आणि बफेलो येथील डॉ. थॉमस डाओ यांच्याकडे जाऊन, छातीचे स्नायू शाबूत ठेवणारी शस्त्रक्रिया तिने स्वतःच्या पसंतीने करून घेतली. तिचा लढा स्तन वाचविण्याचा होता असे जे समजतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. स्तन गेला होता. निर्णय तिचा राहिला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. कुशनरबाईंनी व्हाइट हाउसला दूरध्वनी करून, तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकू नयेत अशी विनंती केली. राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतला आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. पत्नीच्या देहाविषयीचा निर्णय पतीने घेतला, आणि तो जगातील सर्वांत बलाढ्य पती होता, ही गोष्ट त्यांनी पुढे वारंवार सांगितली. बेटी फोर्ड यांनी आपला आजार जाहीर करून लक्षावधी स्त्रियांना तपासणीस प्रवृत्त केले हे त्यांचे थोर उपकार आहेतच. तथापि त्या दूरध्वनीची हकीकत मला अधिक शिकवून गेली.

१९७५ साली कुशनरबाईंचा ग्रंथ आला आणि त्याच सुमारास त्यांनी स्त्रियांच्या शंकांना उत्तरे देणारे सल्लाकेंद्र काढले. वैद्यकीय परिषदांत त्या जात, उभ्या राहून प्रश्न विचारीत, अपमान सोसत आणि पुन्हा जात. १९७९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची जी मसलत भरविली, तिच्या मंडळात वैद्यकाची पदवी नसलेल्या या स्त्रीला स्थान होते. आणि हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया हा यापुढे सर्वसामान्य उपाय मानू नये, तसेच तपासणी व शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे दोन टप्प्यांत व्हाव्यात, असा अभिप्राय त्या मंडळाने दिला. पुढे पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, केवळ गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मर्यादेत फरक आढळला नाही. कुशनरबाई १९९० च्या जानेवारीत त्याच रोगाने निवर्तल्या.

यानंतरच्या कालखंडाचा वृत्तांत सर्वत्र उपलब्ध असल्याने मी तो भराभर सांगतो. ऑड्री लॉर्ड या कवयित्रीने १९८० मध्ये कृत्रिम स्तन वापरण्याच्या सक्तीविरुद्ध लिहिले. नॅन्सी ब्रिंकर यांनी दिवंगत बहिणीच्या नावे १९८२ मध्ये डॅलस येथे निधी उभारला. १९९१ मध्ये अनेक संघटनांची राष्ट्रीय आघाडी झाली, तिने सहा लाखांहून अधिक पत्रे वॉशिंग्टनला धाडली आणि पुढल्याच वर्षी संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून एकवीस कोटी डॉलर संशोधनासाठी मिळविले. त्या पैशाच्या वाटपात शास्त्रज्ञांच्या शेजारी रोगातून उठलेल्या स्त्रियांना बसविण्यात आले. कुशनरबाईंच्या वंशावळीतील म्हणून एवढी एक गोष्ट मी आदराने नमूद करतो.

आता दुसरा मतभेद. आमच्याकडील काही विद्वान गृहस्थ म्हणतात की संमती आणि निवड हे श्रीमंत देशांतील स्त्रियांचे चोचले. आपल्या बाया गाठ फुटल्यावर येतात, त्यांना कसली निवड? मी परळच्या परिसरात अनेक वर्षे रुग्णांच्या सोबतीचे काम केले आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली, रेल्वेच्या सवलतीचा कागद पदराच्या गाठीत बांधलेली माणदेशची एक बाई मला आठवते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “दादा, मालकास्नी समदं सांगितलंया म्हनत्यात. मला कोन सांगनार?” तिला अक्षरओळख नव्हती, पण बेटी फोर्ड यांच्या बाबतीत जो प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तो तिने नेमका विचारला. आमच्या गटातील एका ज्येष्ठ भगिनीने, स्वतः याच रोगातून उठलेल्या, तिच्या शेजारी बसून कोठवर कापतील, हात किती दिवस जड राहील, त्या हातात सुई का टोचू द्यावयाची नाही, हे सारे तिच्याच बोलीत सांगितले. याच भगिनी जुन्या मलमलीच्या पिशव्या शिवून त्यांत कापूस आणि थोडे राळ्याचे दाणे भरीत. कारण एका बाजूचे वजन गेले की खांदा वर चढतो आणि पोलके सरकते, आणि नुसत्या कापसाने ते आवरत नाही. राळा किती घालावा हे त्या तळहातावर तोलून ठरवीत. कोणत्याही पुस्तकात मला हे मान सापडलेले नाही.

आणि आमच्या बायांच्या कर्तृत्वाचा दाखलाच हवा असेल तर तो मुंबईच्याच वस्त्यांत आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आरंभिलेल्या प्रयोगात दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. त्यांच्या निम्म्या वस्त्यांत, डॉक्टर नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासीत. यंत्र नाही, वीज नाही; बोटे आणि विश्वास. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले, त्याहून तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चाळींच्या जिन्यांवर वीस वर्षे चढ-उतार केलेल्या त्या सेविकांची छायाचित्रे मात्र या रोगाच्या जागृतीचा म्हणून साजऱ्या होणाऱ्या ऑक्टोबर महिन्यातील एकाही सोहळ्यात मी पाहिलेली नाहीत.

तो महिना आता मला जड जातो. इमारतींवर गुलाबी प्रकाश पडतो, धावण्याच्या शर्यती होतात, भाषणे होतात. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार एकट्या भारतात एका वर्षात एक लाख ब्याण्णव हजार स्त्रियांना हा रोग झाला व अठ्ठ्याण्णव हजारांहून अधिक त्याने मेल्या, हा आकडा व्यासपीठावरून वाचून दाखविला जातो. जागृती झालेल्या स्त्रीने दुसऱ्या दिवशी कोणत्या खिडकीशी उभे राहावयाचे, तिच्याशी तिच्या बोलीत अर्धी घटका कोण बोलणार, याची तजवीज मात्र कोणी करीत नाही. सोबतीचे काम करणाऱ्या ज्या भगिनींना मी ओळखत होतो त्यांतील बहुतेक आता हयात नाहीत, आणि त्यांच्या जागी वेतनावर नेमलेले समुपदेशक जेथे आहेत तेथेही त्यांच्या वाट्यास एका रुग्णामागे काही मिनिटेच येतात.

त्या भगिनींनी वह्या ठेवल्या होत्या. कोणत्या गावची बाई, शस्त्रक्रियेला किती दिवस झाले, हात कुठवर वर जातो, काय विचारले, काय सांगितले, परत जाताना कोणाबरोबर गेली, असे रकाने हाताने आखलेल्या त्या वह्यांपैकी दोन मी पाहिल्या आहेत; उरलेल्या मुंबई-पुण्याच्या घरांत माळ्यांवर असतील. त्यांच्या मुलांनी आणि सुनांनी त्या रद्दीत घालू नयेत. रुग्णांची नावे झाकून एखाद्या ग्रंथसंग्रहालयाने त्या ठेवून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. आणि ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी या अंकाच्या संपादकांकडे एक पोस्टकार्ड टाकले तर त्या आणावयास मी स्वतः जाईन.