जळालेल्या वखारीतून निघालेला चिमुकला रणगाडा

शाळेला सुट्टी लागली की घराघरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : मुलांच्या हाताला काम काय द्यावे? मोबाईलच्या पडद्यावरून मुलाची नजर हटवू शकेल अशा ज्या थोड्या गोष्टी आज बाजारात मिळतात, त्यांत प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून जोडावयाच्या प्रतिकृतींचा समावेश करावा लागेल. विमान, जहाज, मोटार, रणगाडा अशा अनेक वस्तू खोक्यातून सुट्या भागांच्या रूपाने येतात आणि जोडणाऱ्याच्या संयमाची परीक्षा घेतात. या खोक्यांपैकी पुष्कळांवर लाल व निळ्या चौकोनांतील दोन पांढरे तारे दिसतात. जपानमधील शिझुओका शहराच्या तामिया या पेढीचे ते चिन्ह होय. या पेढीचा इतिहास व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे.

योशिओ तामिया यांनी 1946 मध्ये शिझुओका येथे लाकूड कापण्याची गिरणी व इमारती लाकडाची वखार सुरू केली. जपान तेव्हा युद्धात होरपळून निघाला होता. घरे नव्याने बांधली जात होती, त्यामुळे लाकडाला मागणी होती. वखारीत लाकूड मुबलक असल्याने पुढच्याच वर्षी जहाजे व विमाने यांच्या लाकडी प्रतिकृती करण्याचा एक छोटा विभागही निघाला. मूळ धंदा लाकडाचा आणि खेळणी ही केवळ जोड, असा तो हिशेब होता.

1951 मध्ये आग लागली आणि साठवलेला माल भस्मसात झाला. इमारती लाकडाचा धंदा पुन्हा उभारावयाचा तर मोठे भांडवल हवे होते. लाकडी प्रतिकृतींना मात्र माल थोडा लागे, कारागिरी अधिक लागे. जे कालपर्यंत जोडधंदा होते, त्यावरच आता कुटुंबाचा चरितार्थ येऊन ठेपला. 1953 पासून तामिया यांनी इमारती लाकडाची विक्री थांबवून पूर्ण लक्ष प्रतिकृतींकडे वळवले. शिझुओका हे पूर्वापार लाकूडकामाचे गाव. तेथील सेंगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी आलेल्या कारागिरांची परंपरा तेथे रुजलेली होती. त्यामुळे कुशल हातांची उणीव नव्हती.

धंद्याची घडी बसते न बसते तोच दुसरे संकट आले. अमेरिकेतून प्लास्टिकच्या प्रतिकृती येऊ लागल्या. त्यांचे बारकावे लाकडात उतरविणे अशक्य होते. योशिओ यांचे पुत्र शुन्साकु 1958 मध्ये, विद्यापीठाचे शिक्षण संपवून, पेढीत आले होते. पिता-पुत्रांनी प्लास्टिककडे वळण्याचा निर्णय घेतला आणि 1960 मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेची प्रतिकृती बाजारात आणली.

हा पहिला प्रयोग फसला. प्लास्टिकच्या वस्तूसाठी पोलादी साचा लागतो. वितळलेले प्लास्टिक मोठ्या दाबाने त्यात भरावे लागते. एकदा साचा तयार झाला की प्रत्येक नगाचा खर्च अल्प असतो. परंतु साच्याचा खर्च मात्र पहिला नग विकण्यापूर्वीच करावा लागतो. त्याच सुमारास दुसऱ्या एका उत्पादकाने तीच नौका कमी किमतीत विक्रीस आणली. तामियांनाही किंमत उतरवावी लागली आणि साच्याचा खर्च अंगावर पडला. पेढीला पुन्हा लाकडी खेळण्यांचा आधार घ्यावा लागला. पण लाकडाचे दिवस संपत आले होते. पुढे मोटारशर्यतीच्या गाडीचे एक साधे, स्वस्त प्लास्टिकचे खेळणे त्यांनी काढले. ते खपले आणि पुन्हा एकदा मोठा प्रयत्न करण्याइतके बळ पेढीत आले.

या वेळी शुन्साकु यांनी जर्मनीचा ‘पँथर’ हा रणगाडा निवडला. त्याची बाह्यरेषा सरळ पृष्ठभागांची असल्याने साचा करण्यास सोयीची होती. आत मोटर बसवून तो खरोखर चालेल अशी योजना होती. नकाशे शुन्साकु यांनी स्वतः काढले. खोक्यावरील चित्र शिगेरु कोमात्सुझाकी या ख्यातनाम चित्रकाराकडून घेतले. 1961 च्या अखेरीस आलेला हा रणगाडा मुलांनी उचलून धरला आणि पेढी तरली.

या रणगाड्याने नकळत एक मापही जगाला दिले. पुढे इतर देशांचे रणगाडे त्याच प्रमाणात करावेत असे ठरले, तेव्हा शुन्साकु यांनी आपला पँथर मोजून पाहिला. तो मूळ वाहनाच्या सुमारे एक पस्तीसांश भरला. हे प्रमाण कोणत्याही शास्त्राने ठरलेले नव्हते; आत दोन सेल मावावेत एवढ्याच गरजेतून ते निघाले होते. आज लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींत हेच प्रमाण जगभर रूढ आहे. पावणेदोन मीटर उंचीचा मनुष्य या प्रमाणात पाच सेंटिमीटरचा होतो. प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर मूळ वाहनाच्या हिशेबाने ती साडेसतरा मिलिमीटरची ठरते.

म्हणूनच मोजमापाच्या अचूकतेला या पेढीने जणू वहीखात्याचे स्थान दिले. शुन्साकु अमेरिकेतील ॲबर्डीनच्या लष्करी संग्रहालयात जाऊन तेथील रणगाड्यांची असंख्य छायाचित्रे घेऊन आले. एका जर्मन मोटारीची प्रतिकृती करावयाची होती, तेव्हा त्यांनी ती मोटारच विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून पाहिला. साच्यांसाठी इतरांवर अवलंबून राहण्यात दिरंगाई आणि खर्च दोन्ही होते. म्हणून साचे करण्याचा विभाग पेढीतच उभारला. आणलेल्या संचातील एखादा भाग हरवला वा मोडला, तर तेवढाच भाग मागविण्याची सोयही ग्राहकाला दिली.

प्रत्यक्ष जोडणीचे काम कसे चालते, हेही पाहण्यासारखे आहे. खोके उघडले की प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले शेकडो लहान भाग दिसतात. घाईने ते सारे एकदम तोडणारा हमखास फसतो. कारण भागाचा क्रमांक चौकटीवर असतो, भागावर नसतो. प्रथम माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचावे. लागेल तेवढाच भाग लहान कटरने कापावा, राहिलेला कंगोरा पॉलिश पेपरने घासावा, गोंद न लावता भाग बसतो की नाही ते पाहावे आणि मगच तो चिकटवावा. हा गोंद साधा नसतो. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे चुकीचा जोड सहसा सुटत नाही. त्याचा वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुलांसोबत मोठ्यांनी बसावे. आतील भाग आधी, बाहेरील नंतर. रंगाचा पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. शेवटी पाण्यात भिजवून बसवावयाची चिन्हे. एका रणगाड्याला पंधरा दिवस सहज लागतात.

येथे अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या घरात एक शंका येणे स्वाभाविक आहे. संहाराचे साधन मुलाच्या हाती खेळणे म्हणून द्यावे काय? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. ज्यांना ती पटत असेल त्यांच्यासाठी मोटारी, जहाजे, प्रवासी विमाने यांचे संचही आहेत. मात्र शिझुओका शहर स्वतः या प्रश्नापासून दूर नाही. 19 जून 1945 च्या रात्री सुरू झालेल्या हवाई हल्ल्यात ते बेचिराख झाले. त्याच रात्री दोन अमेरिकी बॉम्बफेकी विमाने आकाशात परस्परांवर आदळून कोसळली. ईतो फुकुमात्सु या स्थानिक गृहस्थाने आपल्या शहराच्या मृतांबरोबर त्या शत्रुवैमानिकांनाही मूठमाती दिली. आज सेंगेन देवस्थानाच्या मागील शिझुहाता टेकडीवर दोन्ही बाजूंच्या मृतांची स्मारके उभी आहेत आणि दरवर्षी तेथे दोघांचेही स्मरण केले जाते. ज्या घरात रणगाड्याचा संच येईल, त्या घरात ही हकीकतही सांगितली जावी. यंत्राची रचना समजणे वेगळे आणि त्याचा गौरव करणे वेगळे, हा भेद मुलाला जोडणीच्या मेजावरच समजू शकतो.

योशिओ यांच्यानंतर 1984 मध्ये शुन्साकु पेढीचे अध्यक्ष झाले. जुलै 2025 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पेढीच्या चिन्हातील लाल तारा उत्कटतेचा आणि निळा तारा अचूकतेचा मानला जातो. ते चिन्ह शुन्साकु यांच्या धाकट्या बंधूंनी रेखाटले होते. वडिलांचे धाडस, थोरल्याची चिकाटी आणि धाकट्याची कला अशी ती घरचीच जोडणी होती.

आग, परदेशी माल आणि स्वस्त स्पर्धक ही तीन संकटे कोणत्याही बाजारपेठेला अपरिचित नाहीत. यामातोचा तोटा पोटात घेऊन तामियांनी पुढच्या मालात काटकसर केली नाही, तर अधिक काळजी ओतली. प्रतिकृती जोडणाऱ्या मुलालाही अखेर तेच करावे लागते : चुकलेला जोड मान्य करावयाचा, पुढचा भाग अधिक जपून कापावयाचा आणि पहिला थर वाळेपर्यंत थांबावयाचे.