इंजिनाच्या तेलात पाणी : आधी निदान, मग दुरुस्ती

उन्हाळ्यात टंचाईग्रस्त गावाला पाणी पुरविणाऱ्या टँकरची एक खेप चुकली, तर वस्तीवरील हंडे रिकामे राहतात. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका ऐन वेळी रस्त्यात बंद पडली, तर त्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. वाहने बंद पडण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक कारण मात्र बहुधा आगाऊ सूचना देते, आणि ती ओळखण्यासाठी यंत्रविद्येचे शिक्षण लागत नाही. ते कारण म्हणजे इंजिनाच्या वंगणतेलात मिसळणारे पाणी.

या बिघाडाबाबत दोन चुका सर्रास होतात. पहिली, दुधाळ झालेले तेल बदलून वाहन पुन्हा कामाला जुंपणे; दुसरी, झाकणाखाली थोडा फेस दिसताच घाबरून सारे इंजिन खोलणे. पहिल्या चुकीने इंजिन जाते, दुसरीने सार्वजनिक पैसा जातो. तेल बदलणे हा या रोगावरील उपाय नव्हे. पाणी कोठून आले हे ठरविणे हीच उपायाची सुरुवात होय.

पाण्याने काय बिघडते?

क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. इंजिनाचा सारा भार हा थर पेलतो आणि धातूला धातू घासू देत नाही. तेलात पाणी मिसळले की हा थर जागोजागी तुटतो. बेअरिंगे झिजतात, पोलादी भागांना गंज चढतो आणि तेलातील उपयुक्त रसायने निकामी होतात. पाण्याबरोबर कूलंट आले असेल, तर चिकट गाळ तयार होऊन तेलाचा फिल्टर तुंबतो. तेलात शेकडा अर्धा भाग पाणी हेसुद्धा इंजिनाच्या दृष्टीने फार झाले.

प्रत्येक दुधाळ रंग धोक्याचा नसतो

एक लिटर डिझेल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. पण थोडी पिस्टनच्या बाजूने खाली तेलाच्या चेंबरकडे उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ती श्वसननळीवाटे बाहेर पडते. मात्र वाहन रोज दोन-चार किलोमीटरच धावत असेल, तर थंड भागांवर ती वाफ थिजते आणि तेल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर-पांढरी साय धरते. कार्यालय ते बाजारपेठ एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या जीपमध्ये पावसाळ्यात व थंडीत हे हमखास आढळते.

अशा वेळी तेलपट्टी काढून पाहावी. पट्टीवरील तेल स्वच्छ असेल, त्याची पातळी वाढलेली नसेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत नसेल, तर झाकण पुसून वाहन एकदा तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवावे. साय पुन्हा धरली नाही, तर इंजिन निर्दोष समजावे. पट्टीवरचे तेलच दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर मात्र वाहन त्याच जागी थांबवावे. गॅरेजपर्यंतसुद्धा ते चालवत नेऊ नये.

घरगुती चाचण्या

तेलपट्टीवरील पातळी वाढलेली असूनही तेल दुधाळ नसेल, तर तेलात डिझेल उतरत असण्याचा संभव असतो. अशा तेलाला डिझेलचा वास येतो आणि ते बोटांना पातळ लागते. पाणी व डिझेल यांतील हा फरक आधीच लक्षात घ्यावा. कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळी असते.

पाण्याविषयी शंका असल्यास दोन चाचण्या करता येतात. पाणी तेलापेक्षा जड असते. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाच्या चेंबरचा निचरा-बोल्ट सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, हळूच सैल केल्यास तेलाआधी पाण्याचे थेंब गळतात. पाणी तेलात पूर्ण घुसळले गेले असेल, तर ते असे वेगळे होणार नाही. तेव्हा दुसरी चाचणी करावी. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर दोन थेंब तेल टाकावे. फोडणीत ओले पान पडले की तेल जसे तडतडते, तसा आवाज आला तर तेलात पाणी आहे. हजारात एक भाग इतके थोडे पाणीही या चाचणीत सहसा कळून येते. पत्र्यातून धूर येईल इतका तो तापवू नये, आणि चेहरा दूर ठेवावा.

पाणी येण्याच्या वाटा

चालू अवस्थेतील वाहनात पाणी बहुधा शीतनव्यवस्थेतून येते. त्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट सिलिंडर हेडखालील गॅस्केटची. इंजिन अतिशय तापल्याचा इतिहास असेल, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ निघत असेल, तर गॅस्केट अथवा तडकलेले हेड यांवर संशय घ्यावा. पाण्यातील बुडबुडे पाहावयाचे असल्यास इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून ठेवावे व मग इंजिन सुरू करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते.

दुसरी वाट तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरची. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा अधिक असतो, म्हणून तेल पाण्यात जाते. इंजिन बंद होताच तेलाचा दाब नाहीसा होतो, पाण्याचा काही काळ टिकतो. मग पाणी तेलात शिरते. तेव्हा रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग आणि चेंबरमध्ये दुधाळ तेल असे दोन्ही दिसल्यास ऑइल कूलर आधी तपासावा.

तिसरी वाट ओल्या लायनरची. ट्रॅक्टर आणि अनेक डिझेल वाहनांच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागते. खालच्या रबरी कड्या झिजल्या की पाणी झिरपते. कूलंटऐवजी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतल्यास लायनरला बाहेरून सुईच्या टोकाएवढी छिद्रेही पडतात.

नेमकी वाट शोधण्यासाठी कुशल मेकॅनिक थंड इंजिनाच्या रेडिएटरला हातपंप जोडून झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देतो. बाहेर गळती नसताना काटा खाली येत असेल, तर गळती आत आहे. मग चेंबर उतरवून खालून पाहिले की कोणत्या लायनरखाली थेंब जमतो ते दिसते. गरज नसताना सारे इंजिन खोलण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

पुरात बुडालेले वाहन

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर परिसरात आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण भागात महापूर आला. अशा पुरात बुडालेल्या वाहनाच्या बाबतीत निदानाचा प्रश्नच नसतो. पाणी आत आहे असेच धरून चालावे. पूर ओसरताच किल्ली फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार काढावी, वाहन ओढून न्यावे आणि इंजेक्टर काढून सिलिंडर मोकळे करावेत. तेल, फिल्टर व डिझेल बदलल्यानंतरच इंजिन सुरू करावे.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

वाहनाच्या नोंदवहीत किलोमीटर व डिझेल यांबरोबर तेलाची पातळी, तेलाचा रंग आणि रेडिएटरमध्ये भरलेले पाणी यांचीही दर आठवड्याला नोंद असावी. रेडिएटरचे पाणी कमी होत आहे आणि तेल मात्र वाढत आहे, या दोन ओळी शेजारी आल्या की निदान निम्मे झालेच. एकाच वाहनाचे तेल अल्पावधीत दुसऱ्यांदा बदलण्याचे बिल आले, तर मंजुरीपूर्वी पाणी येण्याचे कारण लेखी मागावे. कारणाविना दिलेली मंजुरी म्हणजे पुढील मोठ्या बिलाची तयारीच होय.

तेलाची पिंपे पावसात उभी ठेवू नयेत. झाकणावर पाणी साचते, आणि दिवसाच्या उष्णतेनंतर रात्री पिंप थंड झाले की ते बुचाच्या कडेने आत ओढले जाते. छप्पर नसल्यास पिंप आडवे ठेवावे व दोन्ही बुचे समान उंचीवर येतील असे पाहावे.

तेलपट्टी काढून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. चालकाने ती रोज सकाळी पाहावी आणि वरिष्ठांनी ती पाहिली की नाही हे विचारावे. एवढी शिस्त पाळली गेली, तर टँकर वेळेवर गावात पोहोचेल आणि रुग्णवाहिका हाकेसरशी निघेल.