फसलीत 590 मिळवा

बिडकीनजवळच्या एका जिल्हा परिषद प्रशालेसमोर निर्गम उताऱ्यासाठी रांग दिसली, म्हणून मी आत गेलो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध शाळांच्या दप्तरापर्यंत आला.

अर्ज, पोच, सही-शिक्का नेहमीचंच. खरं काम कपाटाशी आहे. डांबरगोळ्यांच्या वासासकट बाबूंनी जनरल रजिस्टर दोन्ही हातांवर झेलत आणलं. पानांच्या कडा हात लागला की झडत होत्या. मजकूर उर्दूत. बाबूंना उर्दू येत नाही. ती वाचतात एक निवृत्त शिक्षक, सगळ्यांचे चाचा.

"अमरदाद 1352 फसली."

"इसवी सनासाठी 590 मिळवा," बाबू म्हणाले, "जानेवारी लागली असेल तर 591." अमरदाद म्हणजे साधारण जून. साल 1943.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा झाल्या. हैदराबाद राज्यातली सरकारी हायस्कुलं त्यांच्याकडे आली, म्हणून मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला दिसतात. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथी-सातवीला संपते, पुढं संस्थेचं हायस्कूल गाठावं लागतं. इथं पहिलीत नाव घातलेली शेतमजुराची पोरगी त्याच आवारातून दहावी होते. मराठवाड्यानं जपावा असा हा वारसा आहे.

समोर बसलेल्या शेतकऱ्याची जमीन ऑरिकच्या बिडकीन औद्योगिक वसाहतीत गेलेली. सुमारे 32 चौरस किलोमीटरची ती वसाहत. त्याला आजोबांची नोंद हवी होती. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं. जातीच्या रकान्यावर मात्र पाण्याचा डाग.

"पुन्हा बघा ना, चाचा."

चाचांनी रजिस्टर खिडकीशी नेलं, पान उजेडात तिरकं धरलं, भिंग फिरवलं. "दिसत नाही ते मी लिहून देणार नाही, बाळा. आजोबांना धाकटा भाऊ होता का?"

होता. दोनेक वर्षांनी लहान.

बाबू पुन्हा कपाटाकडे वळले. 1354 फसली, 590 की 591 ते महिन्यावर ठरेल. रांगेतल्या कुणीही कुरकुर केली नाही. चाचांसारखी जुनी उर्दू नोंद वाचणारी माणसं थोडी उरलीत. त्यांच्या हाताखाली तरुणांना आत्ताच बसवायला हवं, मानधन देऊन.

दुपारी दोनच्या सुमारास धाकट्या भावाचं नाव सापडलं. रकाना स्वच्छ होता. चाचांनी तो मोठ्यानं, दोनदा वाचला आणि बाबूंनी उतारा लिहायला घेतला.