भोकरदनच्या गच्चीवर ॲनिमोन!

लाल, जांभळ्या, पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध काळाभोर गोंडा. ॲनिमोनचा फोटो पाहिला की कंद लगेच मागवावेसे वाटतात. नोकरी पुण्यात, घर भोकरदनला आणि तिथली गच्ची रिकामी, अशी तुमची स्थिती असेल तर पैसे भरण्याआधी दोन मिनिटं थांबा.

हे फूल मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. तिकडे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमकं उलटं! त्यामुळे फंडा एकदम सिंपल आहे: हिवाळ्यात त्याचा पाऊस तुम्ही व्हायचं आणि पावसाळ्यात त्याची छत्री.

तसं त्या किनाऱ्याशी आपलं नातं जुनंच. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती भोकरदनच्या उत्खननातही मिळाली आहे. फुलाला मात्र इथलं हवामान सांभाळूनच आणावं लागतं.

कोणतं घ्याल?

‘डी कान’ एकेरी पाकळ्यांचं, ‘सेंट ब्रिजिड’ भरगच्च. दोन्ही कुंडीत चालतात. जपानी ॲनिमोनच्या नादी लागू नका, आपला चाळिशीपार उन्हाळा त्याला झेपत नाही. कंद टणक बघून घ्या. मऊ किंवा बुरशी आलेला नको.

कसं लावाल?

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा मुहूर्त. कंद तीन-चार तास साध्या पाण्यात भिजवा. रात्रभर ठेवलात तर कुजतील. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. कुंडीला भोकं हवीतच. कंदाची वरची बाजू कळत नसेल तर तो सरळ आडवा ठेवा, पाच सेंटीमीटर खोल. सकाळचं ऊन द्या, दुपारचं टाळा. वरची माती सुकली की मगच पाणी. आई-बाबांना हे एवढंच नीट समजावून सांगा, कारण रोज प्रेमानं घातलेलं पाणीच या झाडाला मारतं!

साधारण तीन महिन्यांत फुलं येतात. मार्चमध्ये पानं पिवळी पडली की पाणी बंद. कंद काढून सुकवा आणि कागदी पिशवीत दिवाळीपर्यंत कोरडे ठेवा. दुसऱ्या वर्षी फुलतीलच याची गॅरंटी नाही. आणि हो, या झाडाचा रस त्वचेला झोंबतो, पोटात गेला तर विषारी. लहान मुलं आणि घरची मांजर यांच्यापासून कुंडी लांब ठेवा.

मग रिकाम्या कुंडीचं काय? एप्रिलमध्ये गुलछडी लावा. तीही परदेशीच, मूळची मेक्सिकोची, पण आपलं ऊन तिला मस्त मानवलंय. वर सुगंध फुकट! म्हणून ॲनिमोनचे पहिल्या वर्षी पाचच कंद आणा. हौसही फिटेल, खिशालाही चाट नाही.